म्हाताऱ्याची सुट्टी

सोमवारी सकाळी कारखान्याचं दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि मी तिथेच थबकले. आत आवाज नव्हता.

कारखाना हे उगाच मोठं नाव. रस्त्याला लागून एक लांबट खोली, फळ्यांची जमीन, भिंतीला टेकून शिवणयंत्र आणि पॉलिशचं चाक. मागे काचेचं दार लावलेली छोटी खोली, तिच्यात लाकूड कोरायचं यंत्र आणि ते चालवणारा कॉम्प्युटर. आम्ही बूट करतो, पण दुकानात मिळतात तसे नाहीत. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाचा जन्मापासून आत वळलेला, कुणाचा अपघातात चेंगरलेला. अशा प्रत्येकाच्या पायाचा आकार कॉम्प्युटरमध्ये असतो. यंत्र त्यावरून लाकडाचा पाय कोरून देतं, त्याला म्हणायचं फर्मा. फर्म्यावर चामडं ओढायचं, शिवायचं, तळ बसवायचा, की बूट झाला. मग फर्मा आतून काढायचा. तो लाकडाचा पाय आम्ही जपून ठेवत नाही. तोच ठोकळा पुन्हा यंत्रावर चढतो आणि आधीच्यापेक्षा लहान पाय होतो. मोठ्या माणसाचा पाय असा झिजत झिजत शेवटी एखाद्या पोराचा होऊन संपतो. म्हणजे खरा पाय उरतो तो कॉम्प्युटरमध्येच.

तो कॉम्प्युटर माझ्या लग्नाआधीपासूनचा. दातांसारखा पिवळा पडलेला डबा, वर जाडजूड पडदा. त्याला आम्ही म्हातारा म्हणतो. ज्या माणसानं तो बसवून दिला तो जाताना माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, म्हणाला होता, ‘याला बंद करू नका.’ मला पक्कं वाटतं, तो त्या दिवसापुरतं म्हणाला असणार, आत काहीतरी चालू असेल म्हणून. पण बाबांनी ते आयुष्यभरासाठी मनावर घेतलं. वीज गेली तर म्हाताऱ्याची झोपमोड होऊ नये म्हणून त्याला मोठी बॅटरी जोडून दिली. (स्वतःच्या खोलीतला दिवा मात्र आठवडाभर गेलेला असतो.) तेव्हापासून म्हातारा घरघरतोच आहे. ती घरघर इतकी सवयीची, की ऐकू यायची ती फक्त नसली तरच.

त्या सोमवारी ती नव्हती. बाबा आपल्या बुटक्या स्टुलावर बसले होते आणि त्यांचा चेहरा कसा, तर कुणाला तरी गुपचूप भेट देऊन आल्यासारखा.

“बाबा, म्हातारा गप्प का?”

“काल सुट्टी दिली त्याला,” बाबा म्हणाले.

“काय दिलीत?”

“अगं, इतकी वर्षं राबतोय बिचारा. शिवणयंत्राला दर शनिवारी तेलपाणी, चाकाला तेलपाणी, आणि ह्याला काय? काल आलो, बंद केला, पाठ उघडली, चामड्याचा भुसा फुंकून काढला, फडक्यानं पुसला. म्हटलं, एक दिवस पडू दे निवांत. थांब, उठवतो आता.”

आता हे बाबांच्या डोक्यात आलं कुठून, तर माझ्यामुळे, असं नाइलाजानं म्हणावं लागेल. दीड-दोन वर्षांपूर्वी मी हट्टानं नवा कॉम्प्युटर आणला होता. चपटा, चकचकीत, आवाज म्हणून नाही. त्याचे लाड इतके, की त्याचं नाव जावई पडलं. जावयाला धूळ चालायची नाही, ऊन चालायचं नाही, मधूनच काम थांबवून तो ‘थोडा वेळ थांबा’ म्हणायचा आणि आम्ही सगळे हात बांधून थांबायचो. म्हाताऱ्यातले सगळे पाय जावयात आणावेत असं माझं म्हणणं होतं. पण त्यासाठी म्हातारा बंद करून उघडावा लागणार, दुसरी वाट नव्हती. फ्लॉपी घालायची फट चामड्याच्या भुशानं केव्हाच बुजली होती. बाबांनी त्याला हात लावू दिला नाही. आणि मग एका सकाळी जावई उठलाच नाही. ना कण्हणं, ना कुथणं, ना एखादी सूचना. त्यात नव्या गिऱ्हाइकांचे पाय होते, ते सगळे गेले आणि आम्हाला एकेकाला बोलावून पुन्हा मापं घ्यावी लागली. बाबा मला एका शब्दानं टोचून बोलले नाहीत, हे जास्त झोंबलं. ते फक्त काचेच्या खोलीकडे बघायचे आणि कौतुकानं मान हलवायचे. त्या कौतुकाचं टोक म्हणजे ही सुट्टी.

बाबांनी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. मग डब्याच्या आतून टिक असा आवाज आला, थोड्या वेळानं पुन्हा टिक, आणि पडद्यावर ओळ उमटली, की डिस्क सापडत नाही.

“झोपेत आहे अजून,” बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता. त्यांनी पुन्हा बंद करून चालू केला. पुन्हा टिक. तिसऱ्यांदा बटणाकडे हात गेला तेव्हा तो इतका थरथरत होता, की मीच मनगट धरलं.

“आता नको, बाबा.”

ते स्टुलावर जाऊन बसले. मला भांडायचं होतं, अगदी तोंडावर आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून गिळलं.

दुपारी टपालबाई आली. आमच्या भागात टपाल वाटते ती. वय चाळिशीचं, बोलणं एकदम खणखणीत, डावा पाय लहानपणच्या अपघातानं आखूड आणि आत वळलेला. पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा टपाल कचेरीत शिक्के मारत बसायची. पुढच्या प्रत्येक बुटाबरोबर बाबांनी तिचा फर्मा थोडा घासला, थोडा भरला. तिला ते फळ्यांवर चालायला लावायचे आणि स्वतः डोळे मिटून बसायचे. मी सून होऊन आले तेव्हा मला वाटलं, म्हातारबुवा डुलकी काढताहेत. पण ते ऐकत असायचे. दोन्ही पावलं सारखी वाजेपर्यंत बूट त्यांच्या हातून सुटायचा नाही. असा होत होत तो पाय पूर्ण फेरी चालण्याजोगा झाला आणि टपालबाई खुर्ची सोडून रस्त्यावर आली.

आता तिच्या बुटांचा तळ फाटला होता आणि तिनं तो चिकटपट्टीनं बांधला होता. शुक्रवारी कचेरीचा डॉक्टर तिला चालवून बघणार होता. फेरी जमली तर फेरी, नाहीतर पुन्हा शिक्के. आमचा नवा जोड गुरुवारी मिळायचा ठरला होता.

“काय झालं?” तिनं आमची तोंडं बघून विचारलं. मी सांगितलं.

तिनं काचेच्या खोलीतल्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “पुन्हा माप घ्या ना, काका. पाय काय, इथंच आहे की.”

“माप घेतो गं,” बाबा म्हणाले, “माप एका दिवसात होतं. पण कुठे दुखतं ते एका दिवसात कळत नाही. तुझ्या टाचेशी कुठे किती सोडायचं, हे मला आता आठवत नाही. सगळं त्याला सांगून ठेवलं होतं.”

“मला त्या खुर्चीवर परत नाही बसायचं,” टपालबाई म्हणाली. एवढं बोलली, टपाल मेजावर ठेवलं आणि चिकटपट्टी फरपटत गेली. फळ्यांवरून तिची पावलं वाजली, एक जड, एक हलकं. बाबांनी तोंड फिरवलं.

मी म्हाताऱ्याचा डबा चादरीत गुंडाळला आणि बाबांना म्हटलं, “चला.” ते नको म्हणाले, मी ऐकलं नाही. बसमध्ये मी डबा मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाईनं विचारलं, बाळ केवढं आहे, तर म्हटलं, मोठं आहे.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईचं दुकान तळघरात आहे. जावई गेल्याचं तिनंच सांगितलं होतं, म्हणून मला तिचा राग होता. दुसऱ्या कुणाचा धरणार? भिंतीभर उघडे डबे, वायरींचे गुंते, आणि मेजावर एका बशीत स्क्रू, एका बशीत बिस्किटं. तिनं चादर सोडली आणि एकदम हसली, ओळखीचं माणूस भेटल्यावर हसावं तशी.

“अजून चालत होता?”

“कालपर्यंत,” मी म्हटलं. “नवे आणले तर दोन वर्षांत मान टाकतात. जुन्या वस्तूंची बातच वेगळी होती, असं आमच्या बाबांचं म्हणणं.”

“आजोबा, ह्याच्याबरोबर ह्याचे जे भाऊबंद बाजारात आले ना, ते कुठे आहेत?” तिनं स्क्रू काढता काढता विचारलं. “तेव्हाच भंगारात गेले. काही तर पहिल्याच वर्षी. ते तुम्हाला दिसत नाहीत. हा एक राहिला तो दिसतो, म्हणून वाटतं जुने सगळे असेच होते. नव्यातलेही काही असेच म्हातारे होतील, आणि तेव्हा लोक त्यांचे गोडवे गातील.”

“म्हणजे फरक काहीच नाही?” बाबांनी विचारलं.

“आहे की. जुने जाताना कुरकुरतात. नवे न सांगता जातात. पण जातात दोघंही.”

तिनं तळहाताएवढी जड पेटी बाहेर काढली आणि तिला दोन वायरी जोडल्या. पेटी कानाशी धरली. टिक. तिनं मान हलवली.

“अडकलीय. आत चकती असते, तिच्यावर एक बारीक हात. चकती फिरत असते तोवर हात तिला टेकत नाही, थांबली की टेकतो. नव्या वयात टेकला तरी सुटतो. ही इतकी वर्षं फिरतच होती. पहिल्यांदा एक दिवसभर पडून राहिली आणि चिकटली.”

बाबांनी पेटीवरून हलकेच बोट फिरवलं.

“म्हणजे मी मारला,” ते म्हणाले.

“नाही हो, आजोबा. कधीतरी बॅटरी संपलीच असती. बंद न करणं म्हणजे काही जपणं नव्हे, दिवस पुढे ढकलणं. जपायचं तर दुसरीकडे प्रत ठेवायची. ती कुणीच ठेवत नाही. माझ्याकडे येतात त्यांच्यापैकी कुणीच नाही.” मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली.

मग तिनं दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे पेटी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे ती जपून उघडतील, बहुतेक सगळं मिळेल, पण महिना तरी जाईल. दुसरी म्हणजे वीज चालू असताना पेटीला मनगटानं एक झटका द्यायचा, चकतीच्या दिशेनं, गोल. सुटली तर सुटली. नाही तर ओरखडा पडेल आणि मग प्रयोगशाळाही हात टेकेल.

“मी दोनदा केलंय,” ती म्हणाली. “एकदा जमलं.”

महिनाभरानं टपालबाई शिक्के मारत बसलेली असणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. पण त्या पेटीत ती एकटी नव्हती, सगळ्या गिऱ्हाइकांचे पाय होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“तू काय म्हणतेस, सूनबाई?”

इतक्या वर्षांत कारखान्यातल्या कामाबद्दल त्यांनी मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी दुरुस्तीवाल्या बाईला म्हटलं, “झटका कसा द्यायचा ते दाखवा.” तिनं रिकाम्या हातानं दाखवला. हात आधी सैल, मग आखडता, गर्रकन आणि तिथल्या तिथे थांबवलेला.

“हा तर फर्मा काढायचा झटका,” बाबा म्हणाले.

खरंच होता. बूट तयार झाला, की आतला लाकडी पाय चामड्याला घट्ट धरून बसलेला असतो. ओढला तर शिवण उसवते. त्याला असाच एक वळसा द्यावा लागतो, खांद्यानं नाही, मनगटानं. हे काम बाबांनी कुणाला दिलं नव्हतं. माझ्या नवऱ्याचं चामड्याच्या वासानं डोकं दुखतं, त्याचा प्रश्न नव्हता. मला मात्र साफ सांगितलं होतं, तू शिवण बघ.

“मग तुम्हीच द्या, आजोबा,” दुरुस्तीवाली म्हणाली.

बाबांनी हात पुढे केला. तो हवेत हलत राहिला. “हा हात? नको. हिला येतो.”

“मला?” मी म्हटलं. “मी कधी...”

“दुपारी मी स्टुलावर डोळे मिटून बसतो तेव्हा तयार बुटांतले फर्मे कोण काढतं? भूत?”

माझे कान तापले. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून एक-दोन बूट वाया गेले होते. म्हणून ते झोपले, की मी हळूच फर्मे काढून ठेवायचे. उठल्यावर त्यांना वाटावं, सकाळी आपणच काढले, असं.

“तुम्ही झोपलेले असता!”

“मी ऐकत असतो,” बाबा म्हणाले. “सुरुवातीला खांदा लावायचीस. आता नाही लावत. घे ती पेटी.”

मी पेटी घेतली. ती कोमट होती. दुरुस्तीवालीनं वीज सुरू केली, आत टिक झालं. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, हा टपालबाईचा डावा बूट आहे, शिवण उसवायची नाही. वळसा दिला. टिक. काही नाही. दुरुस्तीवालीनं श्वास सोडला.

“सैल धर,” बाबा हलकेच म्हणाले. “घाई त्याला नाही, तुला आहे.”

मी बोटं सैल केली, हात खाली सोडला, पुन्हा उचलला आणि वळवला. हातातल्या पेटीला शहारा आल्यासारखं झालं. मग बारीक शिट्टी, आणि शिट्टीतून वाढत गेलेली ती घरघर. लग्न होऊन आल्या दिवसापासून ऐकलेली, अक्षरशः कान किटवणारी घरघर. माझा जीव भांड्यात पडला. मी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही; तिथे बसलेल्या दोघांनीही पाहिलं.

“हलू नका!” दुरुस्तीवाली ओरडली. तिची बोटं केव्हाच कीबोर्डवर होती. “आधी काय काढू?”

“टपालबाई,” बाबा आणि मी एकदम म्हणालो.

बाकीचे पाय एकामागून एक येत राहिले. पेटी धरून माझ्या हाताला मुंग्या आल्या, पण मेजावर ठेवायचा धीर होईना. सगळं उतरल्यावर दुरुस्तीवालीनं म्हाताऱ्याच्या डब्यात पेटीच्या जागी बोटाएवढं एक नवं कार्ड बसवलं, त्यात फिरणारं की चिकटणारं काहीच नाही. एक प्रत वेगळ्या डिस्कवर दिली, ती आता माझ्या नवऱ्याच्या कपाटात मोज्यांखाली असते. आणखी एक तिनं स्वतःकडे ठेवली.

“कार्ड किती टिकेल?” मी विचारलं.

“सांगता येत नाही. म्हणून तर तीन ठिकाणी. आणि आजोबा, आता रोज संध्याकाळी बंद करायचं.”

“रोज?”

“रोज. म्हणजे सकाळी उठत नसेल तर लगेच कळेल, वीस वर्षांनी नाही.” बाबांनी तोंड वाकडं केलं, पण मान हलवली.

कारखान्यात डबा जागेवर ठेवून बटण दाबलं, तर म्हातारा उठला. तारीख तेवढी साफ विसरला होता. त्याच्या मते माझा जन्मही झालेला नव्हता.

“मग तुझं काहीच ऐकणार नाही तो,” बाबा म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं हसू.

गुरुवारी टपालबाई आली. नवे बूट घातले, नाड्या बांधल्या आणि फळ्यांवर चालायला लागली. बाबांनी डोळे मिटले. मला काय वाटलं कोण जाणे, मीही मिटले. ती दारापर्यंत गेली, वळली, परत आली.

“छान बसलेत,” टपालबाई म्हणाली.

“हं,” बाबा म्हणाले. “झालं.”

माझी जीभ आवरेना. “बाबा, डावी टाच जड पडतेय. अगदी किंचित.”

बाबांनी डोळे उघडले. “पुन्हा चाल,” ते तिला म्हणाले. ती पुन्हा चालली. बाबा पुढे झुकले, कानामागे हात धरला. बराच वेळ गेला.

“मला नाही ऐकू आलं,” ते म्हणाले. मग जरा थांबून टपालबाईला विचारलं, “पोरी, मागच्या महिन्यात टाच दुखत होती?”

“चिकटपट्टी लावल्यापासून. तुम्हाला कसं कळलं?”

“मला नाही, हिला. टाच दुखल्यानं तुझी चाल बदललीय, आणि फर्मा जुन्या चालीचा.” बाबा उठले आणि स्वतःचा स्टूल पायानं माझ्याकडे सरकवला. “बस. घासायचं तिथे घास, आणि त्याला सांगून ठेव. तिन्ही ठिकाणी.”

मी बसले. तो स्टूल इतका बुटका, की गुडघे छातीला लागतात. संध्याकाळपर्यंत टाच पुन्हा केली आणि तेवढा फरक म्हाताऱ्यात लिहिला. मग बाबांनी आपल्या हातानं बटण दाबून त्याला झोपवलं. घरघर थांबली तसे ते जरा घुटमळले, पण मग टोपी घालून माझ्याबरोबर निघाले.

शुक्रवार गेला, मधले दोन दिवस गेले. निरोप काही आला नाही. सोमवारी बाबा माझ्याआधीच कारखान्यात पोचले होते आणि काचेच्या खोलीतून घरघर येत होती. मी शिवायला बसले, ते पॉलिश करायला. दोघंही रस्त्याकडे बघायचं टाळत होतो. उन्हं दारापर्यंत आली तेव्हा बाहेर पावलं वाजली. बाबांचं फडकं थांबलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. मी मिटले.

“काय?” बाबांनी विचारलं.

“थांबा हो, ऐकू द्या.”

पावलं जवळ आली, दारापाशी थांबली, दाराच्या फटीतून टपाल आत पडलं आणि पावलं पुढच्या घराकडे निघाली. मी कान देऊन ऐकत होते. पण त्यातलं डावं कुठलं आणि उजवं कुठलं, मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. मी तसं बाबांना सांगितलं. त्यांनी हुंकार भरला आणि बूट पुसायला घेतला.